हद्दीपलीकडचा कौल

आमच्या ऑफिसात माझ्या अंदाजाला फार मान आहे. मोठी मॅच असली की लोक माझ्या टेबलापाशी येतात, आज कोण जिंकणार म्हणून विचारतात, मी दोन मिनिटं गंभीर चेहरा करून सांगतो, आणि ते समाधानाने जाऊन दुसऱ्या संघाच्या बाजूला बसतात. इतक्या वर्षांत मी त्यांना एकदाही तोंडघशी पाडलेलं नाही.

असा माणूस पैजा लावायला कसा लागला, तर त्याचं उत्तर एका शब्दात आहे: कायदेशीर. मी दुबईत आलो तेव्हा जुगार हा शब्द आम्ही फोनवरसुद्धा उच्चारत नसू. दिवाळीत अल मनखूलच्या फ्लॅटमध्ये तीन पत्ती मांडायची तरी आधी पडदे ओढले जायचे, आणि पैशांऐवजी शेंगदाणे लावले जायचे. आता त्याच देशात परवानाधारक, बँकेच्या ॲपइतकं सोज्वळ दिसणारं पैजांचं ॲप निघालं होतं. त्याला ओळखपत्र लागायचं, चेहरा तपासून द्यावा लागायचा, आठवड्याला जास्तीत जास्त किती लावणार ते आधी स्वतःच लिहून द्यावं लागायचं. इतकी चौकशी माझ्या सासऱ्यांनीही केली नव्हती.

मेख एकच होती. ते ॲप तेव्हा अबू धाबीच्या हद्दीत चालायचं, आणि मी राहतो दुबईत. फोन हद्दीच्या अलीकडे असला की पडद्यावर नुसती राखाडी पाटी यायची: तुम्ही जिथे आहात तिथे ही सेवा उपलब्ध नाही. फोनला फसवायच्या युक्त्या असतात म्हणे, पण ते बेकायदेशीर, आणि माझी सगळी नीतिमत्ता त्या वेळी त्या एका शब्दाला टेकून उभी होती.

ॲप माझ्या फोनमध्ये घातलं ते आमच्या अबू धाबी ब्रँचमधल्या एका मित्राने. तो खलिफा सिटीत राहतो. डिसेंबरातल्या एका शनिवारी त्याच्याकडे जेवायला गेलो होतो. तीन वाट्या श्रीखंडानंतर माणूस जितपत शुद्धीवर असतो तितपत शुद्धीवर असताना मी ओळखपत्राचा फोटो काढला, फोन तोंडासमोर धरला आणि फोनने सांगितलं तशी मान हळूहळू डावीकडे वळवली, मग उजवीकडे, मग सरळ. हिरवी खूण आली. मी मीच होतो.

मग लावायचं कशावर हा प्रश्न आला. क्रिकेटमध्ये मला मत असतं, म्हणून क्रिकेट बाद. फुटबॉलमध्ये बरोबरी होऊ शकते. मित्राने टेनिसची एक मॅच काढून दिली. दोन बायका, एक उंच, एक बुटकी. दोघींचीही नावं मला उच्चारता येत नव्हती. इतका निःपक्षपाती मी आयुष्यात कशाच्याच बाबतीत नव्हतो.

तेवढ्यात गावाहून व्हिडिओ कॉल आला.

इथे थोडं कौलाबद्दल सांगायला हवं. माझं गाव तळकोकणातलं. आमच्याकडे लग्न असो, विहीर असो, की परदेशी जाणं असो, देवाला विचारल्याशिवाय पान हलत नाही. गुरव देवाच्या पाषाणावर पाण्यात भिजवलेल्या दोन पाकळ्या चिकटवतो, एक त्याच्या उजव्या हाताला, एक डाव्या, आणि मोठ्याने गाऱ्हाणं घालतो, म्हणजे आपली अडचण देवाच्या कानावर घालतो. उजवी पाकळी आधी पडली तर हो. डावी आधी पडली तर नको. मग सगळे वाट बघत बसतात. कधी दहा मिनिटं, कधी तासभर. दुबईत एअरकंडिशनरखाली बसून हे वाचायला चमत्कारिक वाटेल, पण माझी ही नोकरीसुद्धा उजव्या पाकळीची आहे.

तर आई देवळात होती. हिवाळ्यात तीन महिने माझ्याकडे राहायला यावं की नाही एवढंच तिला विचारायचं होतं. गुरवकाकांनी पाकळ्या लावल्या, फोन समईला टेकवून ठेवला आणि गाऱ्हाणं सुरू केलं. मी इकडे मित्राच्या दिवाणखान्यात हात जोडून उभा. आणि त्या क्षणी माझ्या मनात आलं, उजवी पडली तर उंच.

आईच्या प्रश्नाला मी माझा प्रश्न गुपचूप बांधून दिला. दोन स्टॉपसाठी फुकट बसमध्ये चढावं तसा. वीसेक मिनिटांनी उजवी पडली. आईचं येणं ठरलं. मी उंच बाईवर पन्नास दिरहॅम लावले, म्हणजे अकराशे-बाराशे रुपये. ती जिंकली.

मित्र म्हणाला, "तुला टेनिसमधलं कळतं हे कधी बोलला नाहीस."

मी म्हणालो, "थोडंफार."

आई आल्यानंतर दोनच आठवड्यांनी मी गुरवकाकांना स्वतःहून फोन लावला. ऑफिसात एक मोठं टेंडर आहे, दोन कंपन्या आहेत, कुठली धरू ते देवाला विचारायचं आहे, असं सांगितलं. देवाला टेंडर काय, टेनिस काय, असा माझा हिशेब. हे सगळं घरातून करणं शक्य नव्हतं. घरात आई होती, बायको होती, आणि ॲपही घरात चालत नव्हतं. म्हणून मी शनिवारी सकाळी सातला गाडी काढायचो आणि दुबई संपून अबू धाबी लागलं की पहिल्याच पेट्रोल पंपावर थांबायचो. बायकोला सांगितलं की खलिफा सिटीत शिवजयंतीसाठी लेझीमची तालीम असते. ती पुण्याची आहे, लेझीम म्हटल्यावर तिला भरून आलं.

ती हद्द दिसत नाही. फाटक नाही, शिपाई नाही. वाळू दोन्हीकडे सारखीच. जानेवारीत पहाटेपासून तिथे धुकं बसतं, इतकं दाट की पुढच्या गाडीचे लाल दिवे तेवढे खरे वाटतात. नेमकं कुठे पलीकडे गेलो ते मला कधीच कळायचं नाही. फोनला कळायचं. तो खिशात थरथरायचा आणि पडद्यावर एक ओळ उमटायची: तुमचं स्वागत आहे, आता तुम्ही इथून खेळू शकता. दर वेळी त्याच जागी, धुक्यातल्या त्याच न दिसणाऱ्या रेषेवर, कुणीतरी मांडीला हात लावावा तसं.

पंपाचं छप्पर धुक्यात खांबांशिवाय तरंगत असायचं. हवा भरायच्या यंत्रापलीकडे सात-आठ गाड्या एका रांगेत उभ्या असायच्या, इंजिनं चालू, काचा बंद. प्रत्येक गाडीत एक माणूस. पहिल्या दिवशी मी त्या रांगेच्या टोकाला गाडी लावली आणि सहज बाजूला पाहिलं, तर शेजारचा माणूस अगदी सावकाश मान डावीकडे वळवत होता. मग उजवीकडे. त्याच्या पलीकडचाही तेच करत होता. त्याच्या पलीकडचाही. चेहऱ्यांवर फोनचा निळा उजेड, आवाज काहीच नाही. मला वाटलं हे सगळे मला नको, नको म्हणतायत. मग माझ्या लक्षात आलं की ॲप त्यांचे चेहरे तपासतंय. मीही फोन वर धरला आणि रांगेत सामील झालो.

त्या रांगेत कुणी कुणाकडे बघत नसे. पण गाड्या त्याच असत. एक पांढरी पिकअप होती. तिच्यातला माणूस फोन खाली ठेवल्यावरही तशीच मान वळवत बसायचा.

एकदा पडद्यावर चौकट आली: तुम्ही तीस मिनिटं इथे आहात, सगळं ठीक आहे ना? परवानाधारक ॲपला असं विचारावं लागतं. पण मला आठवेना की हा प्रश्न मला ह्याआधी शेवटचा कुणी विचारला होता. मी 'हो' दाबलं.

दुसऱ्या फोनवर गुरवकाका असायचे. त्यांना टेंडरांचं आश्चर्य वाटायला लागलं होतं.

"भाऊनू, दर शनिवारी टेंडर कसला निघता तुमच्या हापिसात?"

"सरकारी कामं आहेत, काका."

"शनिवारी सरकार काम करता? बरा आसा तुमचा दुबय."

पण ते कौल लावायचे, आणि मी जिंकायचो. एकदाही चुकलं नाही. सुरुवातीला ह्याचा आनंद होता. ज्याच्या अंदाजावर ऑफिस उलटं चालतं, तो मनातल्या मनात ताठ मानेने फिरायला लागला. मग मला एक गोष्ट दिसली. पहिल्या कौलाला वीस मिनिटं लागली होती. दुसऱ्याला बारा. चौथ्याला गुरवकाकांचं गाऱ्हाणं संपताच पाकळी पडली. पाचव्याला गाऱ्हाणं अर्ध्यावर होतं.

सहाव्या वेळी त्यांनी पाकळ्या लावल्या आणि फोन समईला टेकवायला वळले. दोन खेळाडूंपैकी उजवी पाकळी कुणाची ते मी अजून मनात ठरवतच होतो. उजवी पाकळी पडली. गुरवकाका परत वळले आणि बराच वेळ पाषाणाकडे बघत राहिले.

"मी अजून इचारूक नाय हा," ते म्हणाले.

इंजिनाची घरघर, एअरकंडिशनरची हवा, बाहेर पांढरं धुकं. मला उगाचच वाटलं की कुणालातरी माझा प्रश्न माझ्याआधी ठाऊक होता, आणि त्याला तो लवकर संपवून टाकायचा होता. देव वैतागला की कसा वागत असेल ह्याचा मी तोवर विचार केला नव्हता.

त्या दिवशी मी घाबरून पैज न लावता परत फिरलो, असं लिहायला मला आवडलं असतं. यादीत जिचं नाव वर होतं तिच्यावर मी शंभर लावले.

घरी मला एक सवय लागली. टीव्ही बघताना, भाजी चिरताना, मान आपोआप डावीकडे, उजवीकडे जायची. एकदा मुलगी अभ्यास करता करता बघत राहिली आणि म्हणाली, "बाबा, हू आर यू सेइंग नो टू?"

मी म्हटलं, लेझीमचा व्यायाम आहे. बायको म्हणाली, मग दाखव की जरा. घरात लेझीम नव्हती म्हणून त्या दिवशी वाचलो. तिने पुढच्याच आठवड्यात पुण्याहून येणाऱ्या कुणाकडून तरी मागवून घेतली. छमछम वाजणारी ती वस्तू माझ्या हातात दिल्यावर मी जे काही केलं त्याला आई हसली नाही. ती म्हणाली, "देवळातली घांट वाजवल्यासारखा वाजवतंस." तिचं बोलणं संपलं आणि ती धापा टाकायला लागली. नुसती बसून.

तोवर आम्ही ते थकव्यावर ढकलत होतो. दोन दिवसांनी बिल्डिंगची लिफ्ट बंद पडली, आणि मीना बाजारातून येताना आई जिन्यात पहिल्या मजल्याच्या वळणावर बसली ती उठेना. ओठ जांभळट दिसत होते. डॉक्टरांनी तपासलं, फोटो काढले आणि सांगितलं की हृदयाची एक झडप अगदी निकामी झालीय, बदलावी लागेल, आणि लवकर. मुंबईच्या एका हॉस्पिटलात महिनाअखेरची तारीख मिळत होती. सोमवारपर्यंत कळवायचं, नाहीतर ती तारीख जाणार आणि पुढची दोन महिन्यांनी. मी डॉक्टरांना विचारलं, दोन महिने थांबलं तर? त्यांनी पेन टोपणात घातलं आणि म्हणाले, "मी माझ्या आईला थांबवलं नसतं."

आईने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. घरी आल्यावर म्हणाली, "देवाक इचार. उजवी पडली तर कापतले तसे कापूंदेत. नाय तर मी आपली घराकडे जातंय."

बायकोने समजावलं, मी समजावलं, मुलीने इंग्रजीत समजावलं. आईचा एकच हेका. तिचं लग्न, माझा जन्म ज्या घरात झाला ते घर, वडिलांचं शेवटचं आजारपण, सगळं विचारून झालं होतं. आता छाती फाडायची आणि विचारायचं नाही, हे तिला पटण्यासारखं नव्हतं.

म्हणून शनिवारी सकाळी मी तालमीला न जाता घरीच थांबलो. डायनिंग टेबलावर टॅब्लेट उभा केला, समोर आम्ही चौघं. पडद्यावर गाभारा, काळा पाषाण, आणि त्याच्यावर दोन तांबड्या पाकळ्या. गुरवकाकांनी गाऱ्हाणं घातलं. व्हय म्हाराजा, व्हय म्हाराजा. आणि आम्ही वाट बघायला लागलो.

अर्धा तास गेला. तास गेला. बायकोने चहा केला, तो गार झाला. गुरवकाकांनी पुन्हा गाऱ्हाणं घातलं. पाकळ्या हलल्या नाहीत. त्या पाण्याने चिकटवलेल्या असतात. पाणी सुकलं की कुठली ना कुठली सुटणारच, हे गावातलं पोरसुद्धा सांगेल. दुपार झाली. पाकळ्यांच्या कडा वळल्या, रंग काळवंडला, आणि तरी त्या तिथेच. गाभाऱ्यात वाऱ्याने समईची ज्योत आडवी होत होती. त्या मात्र पाषाणात कोरल्यासारख्या.

सहा वेळा जो माझ्या फालतू प्रश्नांना उत्तरं द्यायला उतावीळ झाला होता, तो आता गप्प होता. बाकीच्या तिघींना नुसती काळजी होती. मला कारण माहीत होतं.

गुरवकाका पायरीवर बसले आणि म्हणाले, "असा माझ्या बापाच्या टायमाक एकदा झालेला. आधीचा कायतरी बाकी रवला आसला तर देव पुढचा घेणा नाय. भाऊनू, त्या टेंडरांचा पुढे काय झाला?"

आईने माझ्याकडे पाहिलं. "कसली टेंडरां?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं. पेट्रोल पंप, टेनिस, उंच बाई, बुटकी बाई. सांगताना मधेच दोनदा 'पण ते कायदेशीर आहे' असं म्हणालो, ते मला अजून ऐकू येतं. कुणी ओरडलं नाही. बायको थोड्या वेळाने म्हणाली, "म्हणजे लेझीम नव्हतीच." तिला नेमकं तेवढंच लागलं होतं.

आई टॅब्लेटकडे बघत होती. "माझ्या पाकळयेवर?" तिने विचारलं. "माझ्या येण्याच्या कौलावर सुद्धा?"

मी हो म्हणायला मान हलवली. ती डावीकडे आणि मग उजवीकडे गेली, सवयीने.

"आधी तां बंद कर," ती म्हणाली. "कायमचा. मगे बघूया देव काय म्हणता तां."

बंद करायची सोय होती. कायदेशीर बाजार असल्याने स्वतःला कायमचं बाहेर काढून घेण्यासाठी एक बटणच दिलं होतं. पण ते ॲपच्या आत, आणि ॲप उघडणार हद्दीपलीकडे. स्वतःला दरवाजाबाहेर काढायलासुद्धा मला आधी आत जाणं भाग होतं. असली अडचण फक्त मलाच येऊ शकते. आई म्हणाली, मीही येते. डॉक्टरांनी दगदग नको सांगितलं होतं. ती म्हणाली की गाडीत बसण्यात कसली दगदग, आणि दुसरं म्हणजे तू खरंच बंद केलंस की नाही ते मला डोळ्यांनी बघायचंय.

रविवारी सकाळी धुकं नेहमीपेक्षा दाट होतं. मी ऐंशीच्या वर गेलो नाही. हद्दीपलीकडे धुक्यात वेगमर्यादा आपोआप ऐंशीवर येते, हे मला तोवर सहा दंडांनी शिकवलं होतं. देवाने जिंकून दिलेलं बहुतेक सगळं कॅमेऱ्यांनी परत नेलं होतं. आई शेजारी मांडीवर बायकोचा फोन घेऊन बसली होती. त्यावर गुरवकाका होते. रात्रभर पाकळ्या तशाच होत्या.

माझ्या खिशात फोन थरथरला.

"काय झाला?" आईने विचारलं.

"हद्द ओलांडली."

तिने बाहेर पाहिलं. बाहेर काहीच नव्हतं. "तेका कसा कळला?" ती म्हणाली.

रांग होतीच. आमच्या शेजारी ती पांढरी पिकअप. मी इंजिन चालू ठेवून फोन काढला. आई मात्र पुढे वाकून काचेतून एकेका गाडीत बघत होती. डावीकडे जाणारे चेहरे, उजवीकडे जाणारे चेहरे. तिला फोन दिसत नव्हते, धुक्यात निळसर तोंडं तेवढी दिसत होती.

"हे सगळे कौल लावतत काय रे?" तिने हळूच विचारलं.

"हो," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार होतो?

"आणि सांगता कोण ह्यांका? ह्यांचो गुरव खय आसा?"

मी बटण दाबलं. ॲपने विचारलं, किती काळ? सहा महिने, एक वर्ष, कायमचं. मी कायमचं निवडलं. मग ते म्हणालं, खात्रीसाठी चेहरा दाखवा. मी फोन वर धरला. डावीकडे. उजवीकडे. सरळ.

चेहरा जुळत नाही.

पुन्हा केलं. चेहरा जुळत नाही. चष्मा काढला, दिवा लावला. माझंच तोंड समोर, त्याच्याभोवती लाल वर्तुळ, आणि खाली तीच ओळ. दर शनिवारी पैसे घ्यायला त्याने मला दोन सेकंदांत ओळखलं होतं. आता जायचं म्हटल्यावर मी कोण, हे त्याला ठाऊक नव्हतं.

आई म्हणाली, "काका, गाऱ्हाणा घाला. ह्येच्यासाठी."

गुरवकाकांनी डोळे मिटले. तो आवाज बंद गाडीत फार मोठा वाटला.

"बा देवा म्हाराजा, तुझा ह्या लेकरू आज परमुलखात, रानात, गाडयेत बसान तुझ्या पायाकडे इला आसा. तेच्या हातसून चूक झाली. टेंडर म्हणान सांगल्यान आणि चेंडवाचो कौल घेतल्यान. व्हय म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," आई म्हणाली.

"ता समज नसलेला लेकरू आसा. पन्नास वर्सांचा झाला तरी समज नाय. व्हय म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," आई जरा जास्तच मनापासून म्हणाली. पिकअपमधला माणूस मान वळवायचं थांबवून आमच्याकडे बघायला लागला होता.

"तेचो जाब आवशीकडे मागू नको. काय तां लेकाक इचार. आवशीचो सवाल येगळो करून घी, आणि काय तो निवाडो दी, रे म्हाराजा."

मी फोन वर धरला. डावीकडे. माझ्या गालावर घाम होता. उजवीकडे. सरळ. वर्तुळ बराच वेळ राखाडी राहिलं, आणि मग हिरवं झालं. तुमची विनंती नोंदवली आहे. खाली बारीक अक्षरांत होतं की कायद्याप्रमाणे तुमचा चेहरा ठरावीक वर्षं आमच्याकडे जपून ठेवला जाईल.

"उजवी पडली," आई म्हणाली.

मी वळून पाहिलं. तिच्या हातातल्या फोनचा पडदा काळा होता. कॉल तुटला होता.

"कधी?"

"आत्ता. तू खय बघी होतंस? आपल्याच तोंडाकडे बघत बसलंस." तिने फोन पदराने पुसला आणि मांडीवर पालथा ठेवला. "उजवी पडली. मी बघितलंय."

मी गुरवकाकांना परत फोन लावू लागलो, तर तिने हात धरला. एकदा दिलेला कौल परत विचारायचा नसतो, म्हणाली. आणि असंही म्हणाली की तुझ्या त्या खात्यातला एक पैसासुद्धा माझ्या ऑपरेशनला लावू नकोस. मी त्याच पंपावरून मुंबईच्या हॉस्पिटलला कळवलं. परतताना हद्दीवर फोन थरथरला नाही. आई तेवढ्यात झोपली होती.

ऑपरेशन साडेपाच तास चाललं आणि नीट झालं. आम्हा सगळ्यांना देवाने सांभाळलं असं बायकोनेही कबूल केलं. शिवजयंतीला मला लेझीम घेऊन स्टेजवर उभं केलं, ती शिक्षा मी भोगली.

यंदाच्या हिवाळ्यात आई पुन्हा आमच्याकडे आलीय. आता ती लिफ्टची वाट न बघता जिना चढते. गेल्या आठवड्यात भर दुपारी गुरवकाकांचा फोन आला, देवळाच्या कौलांसाठी वर्गणी हवी होती, छपराच्या कौलांसाठी. बोलता बोलता त्यांनी आईची चौकशी केली. मी म्हटलं, ठणठणीत आहे.

"तुमच्या आवशीसारखी बायल मी बघूक नाय," ते म्हणाले. "डावी पडान सुद्धा कापून घेतल्यान."

मी गॅलरीत उभा होतो. खाली अल मनखूलचा रस्ता दुपारी असतो तसा रिकामा.

"उजवी, काका," मी म्हटलं. "उजवी पडली होती."

"खयची उजवी? मी डोळे उघडलंय तर डावी पायाकडे पडलेली. उजवी आणखी दोन दिस तशीच, मी नखान खरवडून काढलंय. मी तेच दिसा आवशीक फोन केललंय. ती म्हणाली, तुमी गप रवा, काय तां मी बघतंय. तुमका म्हायत नाय?"

मी वर्गणीचं बघतो म्हटलं आणि फोन ठेवला.

आई स्वयंपाकघरात ओट्यापाशी कोलंबी सोलत होती. नळ बारीक चालू होता. मी दारात जाऊन उभा राहिलो. एवढंच विचारलं, "आई, त्या दिवशी गाडीत उजवीच पडली होती ना?"

तिने हातातली कोलंबी खाली ठेवली. माझ्याकडे पाहिलं, आणि मग अगदी सावकाश, धुक्यातल्या त्या माणसांसारखी, मान डावीकडे वळवली. तिथे क्षणभर थांबली. मग उजवीकडे. मग सरळ माझ्याकडे.

"मीठ संपला आसा," ती म्हणाली. "जरा खालसून घेऊन ये."